दोघांनी चालवायची बोट

३ ऑक्टोबर, शुक्रवार

आज दारावर माझ्या पदाची पाटी लागली. करमणूक व उपक्रम व्यवस्थापक. दार जुन्या कोठीच्या खोलीचं आहे. आत टेबल-टेनिसचं एक पोक आलेलं टेबल, सैल दोऱ्यांच्या बॅडमिंटनच्या रॅकेटी आणि जेवणघरातून हद्दपार झालेल्या खुर्च्यांचा ढीग आहे. तरी मी दोन-तीनदा बाहेर जाऊन पाटी वाचून आले. कोणी बघत नाही ना, एवढं बघितलं.

आयुष्यभर शाळेत खेळाच्या बाई होते. मैदानावर नवी इमारत उभी राहिली आणि मैदानाबरोबर मीही गेले. त्यानंतर घरी बसून मी काय केलं ते ह्यांना विचारावं. हे म्हणतात, तू मला रोज सकाळी गच्चीवर उभं करून कवायत करून घेतलीस. सत्तेचाळिसाव्या वर्षी पुन्हा नोकरी लागली की माणसाचं काय होतं ते मात्र मला विचारा. पाय जमिनीवर ठरत नाहीत.

साहेब, म्हणजे या तळ्याकाठच्या हॉटेलचे मॅनेजर, उंच, किडकिडीत. आवाज इतका हळू की ऐकणाऱ्याने आपोआप पुढे वाकावं. त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, की लोक येतात, तळं बघतात, जेवतात, झोपतात आणि दुसऱ्या दिवशी कंटाळून सामान आवरतात. त्यांना थांबवायचं काम माझं. महिनाअखेरपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर कोठीची भिंत पाडून जेवणघर मोठं करायचं, असं मालकांनी ठरवलेलंच आहे.

मी म्हटलं, जमेल. इतक्या जोरात म्हटलं की साहेब थोडे मागे सरकले.

५ ऑक्टोबर, रविवार

पहिला उपक्रम: सकाळची फेरी, तळ्याला वळसा घालून. शिट्टी, टोपी, पाण्याच्या बाटल्या, सगळी जय्यत तयारी. एक जोडपं आलं. मी त्यांना हातपाय मोकळे करायला लावले, मान फिरवायला लावली, आणि चालायला निघणार तेवढ्यात नवऱ्याने विचारलं, नाश्त्याची रांग हीच ना?

दुपारी चित्रकला ठेवली. तिथे मी आणि मी.

संध्याकाळी ह्यांचा फोन. चहाची गाळणी कुठे ठेवलीस म्हणून. सांगितली. मग थोड्या वेळाने पुन्हा फोन, किसणी कुठे म्हणून. किसणी कशाला हवी, तर म्हणाले, सहज. पुरुषांना घरात एक वस्तू सापडेल तर शपथ.

८ ऑक्टोबर, बुधवार

खजिना सापडला!

बोटींच्या शेडमागे ताडपत्रीखाली सहा पायडलबोटी. बदकाच्या आकाराच्या, वर लांब मान, पिवळी चोच, बसायला शेजारी शेजारी दोन जागा. रंग उडालेला, एका बदकाला डोळाच नाही, पण पाण्यात सोडल्या तर सहाही तरंगल्या.

बोटी सांभाळणाऱ्या काकांना इथे सगळे हवामानकाका म्हणतात. सकाळी आकाशाकडे बघून ते दिवसभराचं भाकीत सांगतात आणि बाकीचे त्याच्या उलट तयारीला लागतात. त्यांच्याबरोबर एका बदकात बसून शिकले. सुकाणू वगैरे काही नाही. दोन बाजूंना दोन चाकं, ज्याच्या त्याच्या पायाशी ज्याचं त्याचं पायडल. दोघांनी सारखी मारली तर बोट सरळ जाते. एकाने थांबवली की जागच्या जागी गोल. काका मध्येच आभाळ बघायला थांबत होते, त्यामुळे आम्ही पुष्कळ गोल फिरलो. उतरल्यावर मला जेटी हलताना दिसत होती.

पण काय चीज आहे ही! दोघांनी, एका तालात. शर्यत लावली तर लोक वेडे होतील.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

हिरवळीवर संगीत खुर्ची. मोडक्या खुर्च्या काकांकडून ठोकून घेतल्या होत्या. सुरुवातीला चार मुलं. मग त्यांच्या आया. मग एक वकील, जे दोन दिवस फोनवर कोणाला तरी झापत बागेत येरझाऱ्या घालत होते, ते येऊन म्हणाले, तुमचं संगीत फार आहे. मी त्यांना म्हटलं, तुम्हीच थांबवा, हे घ्या बटण. त्यांनी बटण हातात घेतलं ते सोडेनात. पुढच्या डावात स्वतः खेळले आणि एका आठ वर्षांच्या मुलीला ढुंगणाने ढकलून जिंकले. मुलीने रडून गोंधळ घातला. वकीलसाहेबांनी बिनशर्त माफी मागितली आणि पुन्हा डाव मांडायला लावला.

आज दोन खोल्यांनी मुक्काम एक दिवस वाढवला. साहेब लांबून बघत होते. हसले नाहीत, पण हातातला फोन खिशात ठेवला.

हे फोनवर म्हणाले, घर फार शांत झालंय. मी म्हटलं, बरं झालं, तुम्हाला शांतता आवडतेच. बराच वेळ काही बोलले नाहीत. लाईन खराब असावी.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

मोठी बातमी. २४ तारखेला एक अख्खं कुटुंब येतंय, लहानमोठी मिळून चाळीसेक माणसं. जवळजवळ सगळ्या खोल्या त्यांनाच लागणार. आजींची इच्छा, की एकदा सगळ्यांनी एका छपराखाली राहावं. साहेब माझ्याकडे वाकून (या वेळी ते वाकले) म्हणाले, मालक या गटावरूनच ठरवणार आहेत.

सगळं जुळवून आणणारी आहे ती आजींची नात, थोरल्या मुलाची मुलगी. फोनवर गोड बोलली, पण अटी भरपूर. तिच्या बाबांची खोली तळमजल्यावर, काकांची वरच्या मजल्यावर, तीही दुसऱ्या टोकाला. जेवणाच्या वेळी बाबांचं टेबल खिडकीशी, काकांचं दाराशी. मी लगेच ओळखलं. बाबांचे गुडघे दुखत असणार आणि काकांना वारं लागत असणार. या वयात असं असतंच. मी तिला सांगितलं, अजिबात काळजी करू नका, आमच्याकडे प्रत्येकाच्या तब्येतीचा विचार होतो. ती म्हणाली, हो, तब्येतच म्हणा.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

बदकं रंगवली. आंधळ्या बदकाला डोळा काढला, तो जरा तिरळा झाला. त्यामुळे ते बदक सतत शेजारच्याकडे संशयाने बघतंय असं वाटतं. चोच रंगवताना पाण्यात पडले. काकांनी बाहेर काढलं आणि सांगितलं, की या आठवड्यात वाऱ्याचं नाव नाही, पाणी आरशासारखं राहील.

पोटात फुलपाखरं नाहीत, अख्खी बदकं पोहतायत.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

आले, आले, आले. दुपारपर्यंत अंगणात बॅगा, पोरं, सुना, जावई, एक कुत्रा (बंदी आहे, पण साहेबांनी बघितलंच नाही असं दाखवलं).

आजी आधी उतरल्या. नव्वदीच्या घरातल्या, चिमणीएवढ्या, हातात काठी. नजर मात्र घारीची. त्यांचे दोघे मुलगे साठी ओलांडलेले. नाक एक, चाल एक, दोघेही हात मागे बांधून चालतात. कोणी ओळख करून द्यायची गरज नाही. मी थोरल्यांना थोरले आणि धाकट्यांना धाकटे अशीच हाक मारायला लागले, त्यांनाही ती चालली.

पण दोघे किती नाजूक प्रकृतीचे! थोरले बागेत येऊन बसले, की धाकट्यांना ऊन लागायचं आणि ते टोपी आणायला म्हणून वर जायचे ते खाली यायचेच नाहीत. संध्याकाळी रस्सीखेच होती. मी दोघांना एकाच बाजूला उभं केलं, वजनदार माणसं म्हणून. तर दोघांचीही पाठ त्याच क्षणी धरली. एकाच घरात एकाच वेळी पाठीचं दुखणं, आनुवंशिक असणार. मी दोघांच्याही खोलीत गरम पाण्याची पिशवी पाठवली. दोन्ही परत आल्या.

आजींची आणि माझी मात्र गट्टी जमली. जेटीवर खुर्ची टाकून दिली होती, तिथेच बसून होत्या. बदकं कशी चालतात विचारलं. मी सांगितलं. एकानेच पायडल मारलं तर? गोल फिरते, मी म्हटलं. आणि कोणीच नाही मारलं तर? मग वारा नेईल तिकडे. जेवणानंतर त्यांनी हेच सगळं पुन्हा पहिल्यापासून विचारलं. बिचाऱ्या. वयोमानाने विस्मरण होत असावं. मी न कंटाळता पुन्हा सांगितलं.

मग माझा हात धरून म्हणाल्या, "उद्याच्या शर्यतीत माझे दोघे एका बोटीत बसव. दोघांचे पाय सारखे लांब आहेत."

मला किती कौतुक वाटलं! नव्वदीच्या बाईला बोटीचा तोल कळतो. मी विचारलं, त्यांची पाठ? आजी म्हणाल्या, बसल्यावर राहते.

नातीला सांगावं म्हणून शोधलं, पण ती मुलांना झोपवायला गेली होती. एवढ्याशा गोष्टीसाठी काय त्रास द्यायचा?

२५ ऑक्टोबर, शनिवार

सगळं क्रमाने लिहिते.

सकाळी ऊन लख्ख, पाणी शांत. हवामानकाका म्हणाले, बघा, आरसा. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

सगळं कुटुंब जेटीवर. मी माईकवर जोड्या पुकारत गेले. नवराबायको, मामाभाचे, दोन जावा, टाळ्या आणि शिट्ट्या. शेवटचं, तिरळ्या डोळ्याचं बदक उरलं. मी मोठ्या झोकात पुकारलं, की आता या घरचे दोन आधारस्तंभ, थोरले आणि धाकटे.

एकदम शांतता. इतकी, की बदकं जेटीला टक्कर देत होती ते ऐकू येत होतं. मला वाटलं, काय उत्कंठा आहे लोकांना. नात गर्दीतून माझ्याकडे येऊ लागली, हाताने नाही-नाही करत. मला वाटलं, तिलाही बसायचंय, म्हणून मी खुणेने सांगितलं, पुढच्या फेरीत.

थोरले म्हणाले, माझी पाठ. धाकटे म्हणाले, मला ऊन. आजी खुर्चीतून उठल्याही नाहीत. म्हणाल्या, "बसा. मला बघायचंय."

दोघे बसले. लाइफ जॅकेटचे पट्टे मी बांधले. दोघे दोन दिशांना तोंड करून.

शिट्टी वाजली, पाच बदकं सुसाट सुटली. सहावं गोल. थोरले पायडल मारायचे तेव्हा धाकटे हाताची घडी घालून बसायचे. थोरले थांबले की धाकटे सुरू. म्हणजे आधी उजवीकडून गोल, मग डावीकडून गोल. मी काठावरून ओरडत होते, एकत्र, एकत्र, एक-दोन, एक-दोन. मुलं हसून लोळत होती. मोठं माणूस एकही हसत नव्हतं. हे माझ्या तेव्हा लक्षातच आलं नाही.

आणि वारा उठला. बघता बघता आरशाला सुरकुत्या पडल्या. पाच बदकं धडपडत काठाला आली. सहावं, ज्यात कोणीच धड पायडल मारत नव्हतं, ते वाऱ्याने उचलल्यासारखं पलीकडच्या लव्हाळ्याकडे निघालं. गेलं, गेलं, आणि लांबवर लव्हाळ्यात चोच खुपसून अडकलं.

काकांना म्हटलं, मोटरबोट. काकांनी वारा नाही म्हणून सकाळीच इंजिन उघडून साफ करायला घेतलं होतं. भाग फडक्यावर मांडलेले. जोडायला घेतले. नात माझ्यासमोर उभी राहिली. चेहरा पांढराफटक. इतक्या लोकांत म्हणाली, तुम्हाला एक गोष्ट सांगितली होती, एकच. कोणती गोष्ट तेच मला कळेना. साहेब येऊन शेजारी उभे राहिले.

एकटी शांत बाई म्हणजे आजी. पक्षी बघायला आणलेली माझी दुर्बीण त्यांनी मागून घेतली होती ती कोणाला देईनात. मध्ये मध्ये एवढंच सांगायच्या, की हात हलवतोय. थोरला हात हलवतोय. धाकटा उभा राहिला. खाली बसला. मी विचारलं, मदत मागतायत का? आजी म्हणाल्या, नाही, भांडतायत. आणि ते अशा सुरात सांगितलं, जसं बाळाने पाऊल टाकलं.

इंजिन जोडून झालं आणि काका निघणार, तेवढ्यात आजींना थंडी वाजली. शाल खोलीत होती. बाकी कोणी नको, या काकांनीच आणावी. काका धावत जाऊन घेऊन आले तर ती शाल ती नव्हेच. दुसरी आणली, तर आजींना चक्कर आल्यासारखं झालं, आणि काकांचा हात धरल्यावरच बरं वाटायला लागलं. मुलगे तिकडे पाण्यात आणि आजींना प्रसंगाचं भानच नाही. मला राग आला, मग माझीच लाज वाटली. म्हाताऱ्या माणसाचं मन भेदरलं की असंच होतं. शेवटी मी हलकेच त्यांची बोटं सोडवली, तर म्हणाल्या, "बसू दे गं अजून थोडा वेळ." काकांना बसू दे म्हणतायत असं मला वाटलं.

मोटर दोनदा खोकली आणि बंद पडली. मग मात्र माझ्यातली खेळाची बाई जागी झाली. काकांना एका बदकात ढकललं, शेजारी मी बसले आणि वाऱ्यातून वाट काढत आम्ही निघालो. शाळेतल्या शर्यतींत पोरांना जे ओरडायचे तेच स्वतःला ओरडत होते.

लव्हाळ्याशी पोचलो तर काय? धाकट्यांच्या पोटरीत गोळा आला होता. त्यांचा पाय थोरल्यांच्या मांडीवर, बूट-मोजा काढलेला, आणि थोरले दोन्ही अंगठ्यांनी पोटरी चोळत होते. दोघांचे डोळे लाल. मी दोर टाकायला निघाले तर धाकटे म्हणाले, "बाई, जरा लांब थांबता का? आमचं बोलणं व्हायचंय."

आता लांब थांबायचं म्हणजे काय करायचं? आम्ही जरा मागे आलो. काका आभाळ बघत होते, त्यामुळे आम्ही गोल फिरत होतो. पाण्यावरून आवाज फार स्वच्छ येतो. कान झाकावेत तर हातात दोर धरलेला. दर फेरीला तोंड तिकडे झालं की ऐकू यायचं.

धाकटे म्हणाले, "एक दिवस थांबला असतास."

आमचं बदक वळलं. परत तोंड तिकडे झालं तेव्हा थोरले बोलत होते. "आई म्हणाली, थांबू नको. तिला बघवत नव्हतं."

आमची आणखी एक फेरी झाली. मग धाकटे म्हणाले, आवाज अगदी लहान मुलासारखा, "हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू आईवर रागावला असतास," थोरले म्हणाले. "माझ्यावर रागावलास, ते परवडलं."

मी काकांकडे बघितलं. काका आभाळाकडे बघत नव्हते.

मग त्या दोघांनी आमची मदत घेतलीच नाही. थोरल्यांनी हाताने लव्हाळं ढकललं, आणि एक-दोन, एक-दोन करत निघाले. आधी वाकडे, मग कमी वाकडे, मग सरळ. आम्ही मागून. जेटीवर सगळे उभे होते, पण टाळी कोणी वाजवली नाही.

आजींनी दुर्बीण मांडीवर ठेवली आणि मला विचारलं, पहिला नंबर कोणाचा आला? मी म्हटलं, आजी, शर्यत केव्हाच संपली.

धाकटे लंगडत वर आले आणि आजींच्या खुर्चीशी फळ्यांवरच बसले. खूप बोलायचं असल्यासारखा चेहरा. आजींनी त्यांच्या घामाने ओल्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "मोजा कुठाय तुझा?"

मोजा थोरल्यांच्या खिशात होता.

ह्यांना फोन करून सगळं सांगितलं. म्हटलं, माझी नोकरी बहुतेक गेली. हे म्हणाले, उद्या मी येतो. मी म्हटलं, कशाला, इतक्या लांब? तर म्हणाले, गाळणी सापडत नाहीये. मागेच तर सांगितली होती.

२६ ऑक्टोबर, रविवार

सकाळी नात माझ्या खोलीत आली. मी उठून उभी राहिले. म्हटलं, चूक सगळी माझी, तुम्ही मालकांना काय सांगायचं ते सांगा. ती टेबल-टेनिसच्या टेबलावर बसली आणि रडायलाच लागली. मग तिने सांगितलं, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

आजोबा गेले तेव्हा काका, म्हणजे धाकटे, परदेशात कामावर होते. निघालोय, एक दिवस थांबा, असा त्यांचा निरोप आला होता. थोरले थांबले नाहीत, त्यांनी अंत्यसंस्कार उरकून टाकले. धाकटे घरात आले ते रिकाम्या पलंगापाशी. त्या दिवसापासून भाऊ भावाशी बोलला नाही. मुलं मोठी झाली, लग्नं झाली, प्रत्येक लग्नात दोन टोकांना दोन टेबलं. थोरल्यांनी कधी सफाई दिली नाही. आजींनीही तोंड उघडलं नाही, कारण थोरल्यांनी त्यांना शपथ घातली होती.

म्हणजे गुडघे नव्हते, वारं नव्हतं, पाठ तर नव्हतीच. आणि मी गरम पाण्याच्या पिशव्या पाठवल्या.

मी विचारलं, मग काल? ती म्हणाली, काल संध्याकाळी तिघंच आजीच्या खोलीत बसले. दार बंद. बाहेर आम्ही सगळे चोरासारखे उभे. आधी काहीच ऐकू येईना, मग आजीचं रडणं, मग बऱ्याच वेळाने आजीच ओरडली, की चहा कोणी आणणार आहे का. आज नाश्त्याला थोरल्यांनी स्वतः टेबल उचलून दाराशी नेलं. मी ते पाहिलं होतं. मला वाटलं होतं, खिडकीतून ऊन येत असेल.

दुपारी साहेबांनी बोलावलं. त्यांनी सांगितलं, की मोटरबोट नेहमी तयार नसेल तर पुन्हा एकही बदक पाण्यात जाणार नाही, वारा मोजायचं यंत्र येईल, आणि काकांचं भाकीत फक्त करमणुकीपुरतं. मी मान खाली घालून हो म्हटलं. चूक होतीच. कोणाला काही झालं असतं तर? मग म्हणाले, आजींच्या नातीने मालकांना फोन केला होता. ते सगळे पुढच्या वर्षीही येणार, जास्त दिवसांसाठी. भिंत पाडायचं रद्द.

मी इतक्या हळू 'बरं' म्हटलं, की साहेबांना पुढे वाकावं लागलं.

साहेब म्हणाले, आजींनी तुम्हाला बरोब्बर कामाला लावलं. मला पटलं नाही. मी सांगितलं, साहेब, त्यांना तर बोट कशी चालते तेही दोनदा सांगावं लागलं, शाल ओळखता येत नव्हती. साहेब माझ्याकडे बघत राहिले आणि पहिल्यांदाच हसले. का हसले कोण जाणे.

संध्याकाळी हे आले. हातात लहानशी पिशवी, अंगात इस्त्रीचा शर्ट. काकांनी एक बदक (मोटरबोट तयार ठेवून) काढून दिलं. ह्यांना पाण्याची भीती वाटते हे लग्नाला इतकी वर्षं होऊन मला आज कळलं. एका हाताने माझी बाही घट्ट धरून पायडल मारत होते. घरातल्या वस्तूंबद्दल एक प्रश्न विचारला नाही. म्हणाले, इथे एखादी नोकरी असेल का गं, हिशेबनिशीची? मी म्हटलं, घर कोण सांभाळणार? ते म्हणाले, घरात आहेच कोण.

मी पायडल मारायची थांबले. बदक गोल फिरायला लागलं. फिरू दिलं.

२७ ऑक्टोबर, सोमवार

आज ते सगळे गेले.

सकाळपासून बॅगा, पोरं, कुत्रा (साहेबांनी त्याला जाताना बिस्कीट दिलं). थोरल्यांनी गाडी काढली. शेजारी धाकटे बसले, मागे आजी एकट्या. दोघांच्या बायकांना दुसऱ्या गाडीत पाठवलं, आणि त्या दोघी एकमेकींना टाळी देत हसत निघाल्या.

आजींनी निघताना माझा गाल चिमटीत धरला. म्हणाल्या, तू फार साधी आहेस गं, असंच राहा. मी म्हटलं, आजी, पुढच्या वर्षी तुम्हालाही बदकात बसवते. त्या म्हणाल्या, कोणाबरोबर बसवायचं ते मी सांगेन.

गाडी फाटकापर्यंत गेली आणि थांबली. थांबूनच राहिली. काही विसरलं असेल म्हणून मी धावत गेले. कानात वारं भरल्यासारखी धावले. जवळ गेल्यावर आवाज ऐकू आला. थोरले म्हणत होते, डावीकडून रस्ता चांगला आहे. धाकटे म्हणत होते, डावीकडून गेलं की संध्याकाळ होते, तुला रस्ते कधी कळले आहेत? थोरले म्हणाले, गाडी कोण चालवतंय? धाकटे म्हणाले, तेच तर दुर्दैव आहे. दोघांचे आवाज चढलेले, हात चाललेले, मागून बाकीच्या गाड्या हॉर्न वाजवतायत.

मागची काच खाली आली. आजी उशीला टेकून आरामात बसल्या होत्या, डोळे मिटलेले, गाणं ऐकत असल्यासारख्या.

मी विचारलं, आजी, काय झालं?

आजींनी एक डोळा उघडला.

"काही नाही," म्हणाल्या. "चालू दे. आम्हाला घाई नाही."